पाच खाचांची डिकी

माणसाने कुठे हसावं आणि कुठे तोंडाला रुमाल लावावा, हे साधं गणित लोटूला छप्पन्न वर्षांत जमलेलं नाही. आमच्या बमरोलीच्या खात्यात शेठचा नवा जावई लूम चालवून दाखवत होता, तेव्हा तो हसला होता. माझ्या साडूच्या भाषणात हसला होता. आणि त्या मंगळवारी सकाळी योगेंद्रच्या गॅरेजात, ठाकोरभाईंच्या गाडीसमोर, प्रत्यक्ष ठाकोरभाईंच्या देखत, हातात अर्धा चहा असताना हसला.

आता हसण्यासारखं झालं होतं हे खरं. गाडी अमेरिकन, बावन्न सालची, रंग पिकल्या जांभळासारखा. ठाकोरभाई गोपीपुऱ्यातले जरीवाले. गाडी त्यांच्या वडिलांनी घेतलेली. त्या गाडीच्या डिकीचं झाकण म्हणजे झाकण नव्हे, एका माणसाला पाय पसरून झोपता येईल असा पत्रा. ते उचलून धरायला आत दोन बाजूंना हंसाच्या मानेसारख्या वाकड्या दोन बिजागऱ्या आणि प्रत्येकीला एक जाड स्प्रिंग. सत्तर वर्षांनी एक स्प्रिंग तुटली, दुसरी सैल पडली. झाकण उघडलं की डोक्यावर येऊ लागलं. योगेंद्र हुशार. त्याने स्प्रिंगा काढून नव्या छोट्या गाड्यांना असतात तसले गॅसचे दोन दांडे ठोकून दिले. दांड्यांनी झाकण असं काही ढकललं की उजवी बिजागरी वाकली. त्या दिवशी ठाकोरभाईंनी डिकी उघडली तर डावा कोपरा वर गेला आणि उजवा खालीच राहिला, लग्नात मानपान न मिळालेल्या मेव्हण्यासारखा तिरका.

तेव्हा लोटू हसला.

योगेंद्र मूळचा अकोल्याचा. दिंडोलीत त्याचं गॅरेज आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे, आणि त्याच्याकडे पेपर येतो म्हणून आम्ही दोघं रोज सकाळी तिथे चहा पितो. त्याने पाना खाली ठेवला. "हसून काऊन रायले काका? तुमाले येते का हे काम?"

"मला येत नाही," लोटू म्हणाला. "पण असं नसतं, एवढं येतं."

ठाकोरभाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "कोण छे आ?"

आता उत्तर देणं माझ्याकडे आलं. मी काशिनाथ. बमरोलीच्या त्या खात्यात, म्हणजे पॉवरलूमच्या शेडमध्ये, बावीस वर्षं हजेरीपुस्तक ठेवलं, म्हणून सगळे मला मेहताजी म्हणतात. कोण किती वाजता आला, कोण कोणाच्या नावावर आला, कोणाची आजी वर्षात तीनदा वारली, सगळं माझ्याकडे लिहिलेलं आहे. म्हटलं, "शेठ, हा लोटू. आमच्या खात्यात लूमचा मास्तर होता. अठ्ठेचाळीस लूम एकट्याच्या कानावर चालवायचा."

"होता म्हणजे?"

"खात्यात वॉटरजेटचे नवे लूम आले. जुने लूम भंगारात गेले. मास्तरचा काही भाव निघाला नाही, म्हणून तो इथे बसलाय."

हे बोलताना माझ्या मनात दुसरंच चाललं होतं. कारण लोटू रिकामा नव्हता. मीच त्याला काम लावून दिलं होतं: कामरेजला हायवेवर एका गोडाऊनच्या गेटवर वॉचमन. येत्या सोमवारपासून. आठ महिने घरी बसलेल्या माणसाला एवढं सरळ काम मिळवून दिलं, म्हणून मी स्वतःवर बराच खूश होतो. एजन्सीचा निळा गणवेश, शिट्टी आणि टोपी त्याच्या घरी खुंटीवर लटकलेली होती. पॅन्ट लांब होती, ती त्याची बायको मंगलाबाई आत दुमडून शिवत होती. लोटू त्या खुंटीकडे पाठ करून जेवतो, हे मी पाहिलं होतं. पण पाठ काय, नोकरी लागली की वळते.

ठाकोरभाईंचं म्हणणं थोडक्यात असं. रविवारी डुमस रोडवरच्या मैदानात जुन्या गाड्यांचा मेळावा. बडोद्याहून परीक्षक बाई येणार. ती प्रत्येक दार, प्रत्येक झाकण उघडून बघते. गॅसचे दांडे दिसले की गाडी बाद. मूळची जशी होती तशीच यंत्रणा पाहिजे. "गये साल भी इसी डिकी ने नाक कापी," ठाकोरभाई म्हणाले. "इस बार नहीं हुआ तो मैं गाडी मुंबई भेज दूँगा. आणि माझे चार मित्र छे, चारेनी जुनी गाडी छे, ते पण मुंबई."

ते गेल्यावर योगेंद्रने लोटूकडे पाहिलं. त्याच्या खात्यावर जमेची एक गोष्ट मी नेहमी धरतो: आपली चूक दिसली की तो वाद घालत नाही, दुसऱ्याला पुढे करतो. "काका, आता हसले तं करा. रविवारी डिकी पास झाली तं कोपऱ्यातलं टेबल तुमचं. कायमचं. जुन्या गाड्यांचं सारं काम तुमच्याकडे. नाई झाली तं तुमी गेटवर वॉचमन, अन् मी बी तुमच्याच शेजारी."

लोटूने उरलेला चहा एका घोटात संपवला आणि बाही वर केली.

बुधवारी त्याने झाकण उतरवलं. बिजागऱ्या काढल्या, वाकलेली उजवी तापवून डावीवर ठेवून सरळ केली. आतल्या पिना झिजून कुरतडलेल्या कणसासारख्या झाल्या होत्या. त्या लेथवर नव्या करून आणल्या, पितळेचे बुश बसवले. मला वाटलं, काम झालं. हजेरी लिहिणाऱ्याला काम झालेलं लवकर दिसतं. स्प्रिंगा मात्र नव्या पाहिजे होत्या. जुनी तुटकी स्प्रिंग घेऊन तो उधन्याला गेला, तिथे एक म्हातारा तारेच्या स्प्रिंगा वळून देतो. लोटूने त्याला सांगितलं, "यापेक्षा एक नंबर जाड तार घे, आणि घट्ट वळ."

हीच चूक. आणि ही चूक तोच करू शकत होता. लोटूने आयुष्यभर ज्या स्प्रिंगा कसल्या, त्या धोटा फेकणाऱ्या. लूमवर धोटा, म्हणजे बाण्याचं आडवं सूत घेऊन इकडून तिकडे धावणारं ते लाकडी पाखरू, मिनिटाला दीडशे वेळा फेकावं लागतं. स्प्रिंग ढिली पडली की धोटा मध्येच अडकतो, उभ्या सुताचा ताणा तुटतो, शेठ ओरडतो. म्हणून मास्तरच्या हाताला एकच सवय: ढिली वाटली की कस. अजून कस.

गुरुवारी अकराच्या सुमारास ठाकोरभाई बघायला आले. हातात गरम खमणाचं पुडकं, वर शेव, शेजारी तळलेल्या मिरच्या. सुरतेचा माणूस वाईट बातमी ऐकायलाही रिकाम्या हाताने जात नाही. "बतावो, बतावो," म्हणत ते डिकीवर वाकले. लोटूने कुलूप सोडलं.

झाकण उघडलं असं म्हणता येणार नाही. झाकण सुटलं. ठाकोरभाईंचा चष्मा छतापर्यंत गेला, पुडकं त्याच्या मागोमाग. खमण टायरच्या ढिगावर पडलं. एक मिरची ट्यूबलाईटवर जाऊन बसली आणि तिथेच राहिली. आपण हातभर मागे होतो की नाही, हे ठाकोरभाई बराच वेळ स्वतःच्या हनुवटीला हात लावून तपासत होते.

"लोटूभाई," ते हळूच म्हणाले, "मने गाडी जोइए छे. तोफ नथी जोइती."

योगेंद्र दुसरीकडे पाहत होता. मी खाली पाहत होतो. लोटू एकदम गंभीर चेहऱ्याने त्या मिरचीकडे पाहत होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा जिथे हसायला हवं होतं तिथे तो हसला नाही. तेव्हा मला कळलं, की हे काम त्याच्या मनाला लागलंय.

दुपारी मी त्याच्या घरी गेलो. समजवायला. माझ्याकडे भाषण तयार होतं: आपलं वय, आपली कुवत, गेटवरची सावली, महिन्याच्या महिन्याला पगार. मंगलाबाई दारात बसून पॅन्ट शिवत होती. तिने तीस वर्षं घरी लूमसाठी सुताच्या कांड्या भरल्या, लूम तिला नवऱ्याइतकेच कळतात, कदाचित जरा जास्तच. पण हे तिने कधी बोलून दाखवलेलं नाही. म्हणूनच तिचं नाव मी जमेच्या पानावर सगळ्यात वर लिहून ठेवलंय.

लोटू भाकरी कुस्करत होता, खात नव्हता. मी सुरुवात केली, "हे बघ, गेटचं काम काही वाईट नसतं..."

"भाऊ, जरा थांबा," मंगलाबाई म्हणाली. मग दोरा दातांनी तोडून नवऱ्याला म्हणाली, "तुम्हले फेकानं याद शे. धरानं याद नही."

"काय म्हनतस तू?"

"डिकी काय धोटा शे का, फेकाले? बीमले कधी कोनी फेकस का?"

भाकरी कुस्करणारा हात थांबला.

बीम म्हणजे ताण्याचा मोठा रूळ. सगळं सूत त्यावर गुंडाळलेलं असतं. तो फेकायचा नसतो. त्याला धरून ठेवायचं, आणि जसजसं कापड विणलं जाईल तसतसं थोडं थोडं सोडायचं. त्यासाठी बीमला दोर गुंडाळलेला असतो, दोराला एक दांडी आणि दांडीला लोखंडी वजनं. वजन जास्त झालं की सूत तुटतं, कमी झालं की कापडाला सुरकुत्या. बरोबर झालं की बीम असा चालतो, जणू त्याला वजनच नाही.

लोटू उठला. हातही न धुता उठला. मंगलाबाई माझ्याकडे बघून म्हणाली, "भाऊ, तुम्ही काय सांगत व्हतात? गेटनं काम?" मी म्हटलं, काही नाही, ऊन फार आहे.

शुक्रवारी सकाळी आम्ही दोघं बमरोलीला गेलो. आमच्या खात्याच्या मागच्या अंगणात भंगार अजून पडून होतं. गेटवर निळ्या गणवेशात आमचाच एक जुना कारागीर बसला होता, प्लास्टिकच्या खुर्चीत, मांडीवर वही. त्याने आम्हाला आत सोडलं, पण आधी वहीत दोघांची नावं, वेळ, येण्याचं कारण लिहून घेतलं. ज्याची हजेरी मी बावीस वर्षं घेतली त्याने माझी घेतली. ठीक आहे, फिटली. मग तो लोटूला प्रेमाने म्हणाला, "सोमवारपासून तूपण ना? एक सांगतो. घरनं उशी आण. ही खुर्ची कमरेला धरते."

लोटू सरळ आत वळला. भंगारातून त्याने वजनं वेचली ती इतक्या घाईने, की त्याला त्या उशीचीच भीती वाटली असावी असं मला वाटलं. गोल, मध्ये चीर असलेली, बिडाची बावीस वजनं आम्ही पोत्यात भरली. मालकाची परवानगी फोनवर मी काढली. म्हणालो, मास्तरला आठवण म्हणून पाहिजेत. मालक गहिवरला. लोकांना आठवण फुकटात देता आली की ते लगेच गहिवरतात.

गॅरेजात त्याने जे केलं ते मी नीट पाहिलं, कारण असला हिशेब मला कळतो. छताच्या गर्डरला कप्पी बांधली. दोराचं एक टोक झाकणाच्या काठाला, दुसऱ्या टोकाला दांडी, दांडीवर एकेक वजन. सोळा वजनांवर झाकण हवेत उभं राहिलं. वर केलं तर वर, खाली केलं तर खाली, सोडलं तिथे थांबलेलं. स्प्रिंग नाही, हात नाही, नुसता दोर आणि बीड. लोटूने एका बोटाने ते हलवून पाहिलं, डोळे मिटून, लूमला कान लावायचा तसा.

"सोळा," तो म्हणाला. "झाकण किती मागतं ते कळलं. आता तेवढंच द्यायचं."

उधन्याहून बेताच्या तारेच्या नव्या स्प्रिंगा आल्या होत्या. त्या थोड्या थोड्या ओढायच्या आणि दोरावरचं वजन काढायचं. स्प्रिंग जरा ओढली, एक वजन कमी. अजून ओढली, अजून एक कमी. इकडे चढलं की तिकडे उतरलं. संध्याकाळपर्यंत दांडीवर दोनच वजनं उरली आणि शनिवारी सकाळी एकही नाही. दोर सैल लोंबत होता आणि झाकण तसंच उभं.

पण त्याआधी एका गोष्टीवरून योगेंद्रची आणि त्याची जुंपली. स्प्रिंगचं मागचं टोक गाडीच्या पत्र्याला जिथे अडकतं, तिथे मूळच्या पट्टीला एकच भोक होतं. लोटूने दोन्ही बाजूंना नव्या पट्ट्या केल्या आणि प्रत्येकीला कानशीने घासून पाच खाचा पाडल्या. दोन तास त्यात घालवले.

"काका, हे करवत करून रायले का तुमी?" योगेंद्र कावला. "एक खाच पाहिजे, एक! पाच कायले? जास्त झालं का काम?"

"तिसऱ्या खाचेत स्प्रिंग बसेल. दोन आधी, दोन नंतर."

"पण कायले?"

लोटूने कानस झटकली. "लूमच्या दांडीला पण खाचा असतात. का, माहितेय? आपण वजन बरोबर लावून घरी जातो. रात्रीतून शेठ सूत बदलतो. बारीकचं जाड, जाडचं बारीक. आणि सांगत नाही. सकाळी कापड खराब निघालं की मास्तरला शिव्या. पंचवीस वर्षांत मला एक शेठ दाखव, ज्याने सूत बदलून सांगितलं."

"इथं कोनतं सूत आहे बाप्पा? इथं पत्रा आहे."

"शेठ तर आहे ना," लोटू म्हणाला.

मीसुद्धा योगेंद्रच्याच बाजूने होतो, हे इथे लिहून ठेवतो.

शनिवारी दुपारी ठाकोरभाई आले. यावेळी लांब उभे राहिले, हातात काही नव्हतं. लोटूने त्यांना बोलावलं, त्यांचं बोट धरून झाकणाच्या काठाखाली ठेवलं. "उचला." ठाकोरभाईंनी डोळे बारीक करून उचललं. झाकण वर गेलं, जसं शाळा सुटल्यावर मूल घराकडे जातं. अर्ध्यावर त्यांनी बोट काढलं. झाकण तिथेच. खाली दाबलं. जाड, बंद आवाज करून लागलं. ठाकोरभाईंनी ते अकरा वेळा उघडलं. वडील म्हणे असंच एका बोटाने उघडायचे आणि लहानग्या ठाकोरला आत बसवून बाजारात न्यायचे. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. यावेळी मिरचीही नव्हती.

"लोटूभाई, सबेरे मैदान पे आना," असं म्हणून ते गाडी घेऊन गेले. जाताना चेहऱ्यावर जे तेज होतं ते मला आवडलं नाही. माणूस एवढा खूश झाला की घरी जाऊन काहीतरी करतोच.

रविवारी आठ वाजता मैदानात चाळीसेक गाड्या ओळीने उभ्या. लांब नाकाच्या, गोल पाठीच्या, चकचकीत. मालक पांढऱ्या शर्टात, रुमालाने आधीच स्वच्छ असलेलं पुसत. योगेंद्र, लोटू, मंगलाबाई आणि मी रिक्षातून उतरलो. मंगलाबाई हट्टाने बरोबर आली होती, डब्यात पुऱ्या घेऊन. परीक्षक बाई तिसऱ्या गाडीपाशी पोचली होती. उंच, पांढरे केस, हातात पाटी आणि पेन्सिल. ठाकोरभाईंची गाडी नववी.

ठाकोरभाई आम्हाला बघून लहान मुलासारखे पुढे आले. "आवो, आवो! सरप्राइज छे!" आणि त्यांनी डिकी उघडली.

झाकणाच्या आतून किरमिजी मखमल लावली होती. त्यावर अस्सल जरीची वेलबुट्टी, मधोमध वडिलांचं नाव, सोन्याच्या तारेत. रात्रभर कारागीर बसवून केलेलं. मखमल ताठ बसावी म्हणून तिच्याखाली जाड प्लायवूड. जरीवाल्या माणसाला गाडी सजवायची म्हटल्यावर दुसरं काय सुचणार? सुंदर होतं, खरंच सुंदर होतं.

ठाकोरभाईंनी बोट काढलं. झाकण थांबलं. मग हळूहळू, अगदी सभ्यपणे, आजारी माणसाने मान टाकावी तसं खाली यायला लागलं.

ठाकोरभाईंनी ते परत उचललं. परत आलं. "आ शुं थयुं? काल तो..." त्यांचा चेहरा पांढरा पडला. "निकाल दूँ ये? पण चिटकाया है, निकलेगा नहीं." योगेंद्रने डोक्याला हात लावला. मी सोमवारच्या कामरेजच्या बसचा विचार केला, आणि असा विचार करणं मला आवडलं नाही, एवढं सांगतो.

तेवढ्यात लोटू हसला.

मोकळेपणाने, पोट धरून, चाळीस गाड्यांच्या मालकांनी माना वळवाव्यात असा हसला. "मेहताजी," तो मला म्हणाला, "बघितलं? शेठने सूत बदललं!"

आणि बाह्या वर करून, पक्कड दातात धरून तो डिकीत शिरला.

"झाकण पूर्ण वर धरा," तो आतून म्हणाला. पूर्ण वर असलं की स्प्रिंग सर्वात सैल असते, तेव्हाच टोक सुटतं. योगेंद्र आणि ठाकोरभाईंनी दोन बाजूंनी झाकण वर धरलं. परीक्षक बाई सातव्या गाडीपाशी होती. उजवी स्प्रिंग तिसऱ्या खाचेतून चौथीत गेली. "सोडा." सोडलं. झाकण आलं, पण आता आळसाने. बाई आठव्या गाडीचा हॉर्न वाजवून बघत होती.

"मेहताजी," मंगलाबाई मला म्हणाली, "आते तुम्हना काम शे. जा."

मला काय करायचं ते कळलं. मी बावीस वर्षं हेच केलंय. खिशातली डायरी काढून मी बाईसमोर जाऊन उभा राहिलो. "नमस्ते मॅडम. मेहमानों की हाजिरी. पूरा नाम? स्पेलिंग? गाँव? बडोदा में कौन सा एरिया? मैदान में प्रवेश कितने बजे?" बाई सभ्य. तिने सगळं सांगितलं. मी मोठ्या अक्षरात, हळूहळू लिहिलं. मग तिच्या मदतनिसाचं नाव. मग वाहन क्रमांक. मग विचारलं, इथे सही करा. आणि सही करायला दिलेलं पेन चालेना, कारण मी ते चालणारं दिलंच नव्हतं.

मागून आवाज आला, "डावी चौथीत!" मग "सोडा." मग, "अजून एक पाहिजे. दोन्ही पाचवीत."

पाचवी शेवटची. सहावी नव्हती.

मी बाईला विचारलं, रक्तगट?

ती हसली आणि मला बाजूला करून पुढे निघाली. मी वळलो. डिकीतून लोटूचे दोन पाय बाहेर लोंबत होते. ते आत ओढले गेले, मग पूर्ण लोटू बाहेर आला, कपाळाला ग्रीस, केसात मखमलीचा धागा. योगेंद्रने झाकण लावलं. ते नीट राहतं का, हे कोणीही तपासलेलं नव्हतं, वेळच नव्हता.

बाईने दारं उघडली, बोनेट उघडलं, काही लिहिलं. मग मागे आली. तिने पेन्सिल कानावर खोचली आणि उजव्या हाताचं एक बोट झाकणाखाली घातलं.

झाकण वर गेलं.

अर्ध्यावर तिने बोट काढलं आणि मागे सरकून हाताची घडी घालून उभी राहिली. आम्हीही उभे राहिलो. झाकण हललं नाही. जरीतलं ठाकोरभाईंच्या वडिलांचं नाव उन्हात चमकत होतं आणि ते नावही हललं नाही. तिने मनात दहा मोजले असावेत. मी तीस मोजले. मग तिने ते वरपर्यंत नेलं, खालपर्यंत आणलं, सोडून दिलं. जाड, बंद आवाज. तिने डिकी परत उघडली, आत डोकं घातलं, टॉर्च मारला.

"स्प्रिंगें बहुत अच्छी बनाई हैं," ती म्हणाली. "पर ये पाँच खाँचे किसलिए?"

ठाकोरभाई गडबडले. योगेंद्र खोकला. लोटूने हात पुसत सांगितलं, "मॅडम, सेठ लोगों के लिए."

बाईने त्या मखमलीकडे पाहिलं, ठाकोरभाईंकडे पाहिलं, आणि इतकी मोठ्याने हसली की तिची पाटी खाली पडली. मग पाटी उचलून तिने पुष्कळ वेळ लिहिलं.

ठाकोरभाईंना त्या दिवशी दुसरा नंबर मिळाला. पहिला एका हिरव्या गाडीला गेला, पण त्या गाडीचा मालक बक्षीस घेऊन खाली उतरला तो सरळ लोटूकडे आला. "मेरी डिकी भी देखोगे?" त्याच्या मागे ठाकोरभाईंचे चारही मित्र. त्यांच्या मागे अजून तिघं-चौघं. पंधरा मिनिटांत त्या ओळीतल्या अर्ध्या गाड्यांच्या डिक्या उघड्या, काही बांबूच्या काठीवर टेकवलेल्या, काही मालकाच्या डोक्यावर. आणि त्यांच्यामधून लोटू चालला, हात पाठीमागे बांधून, मान जरा कलती. प्रत्येक गाडीपाशी थांबे, झाकण एकदा वरखाली करी, बिजागरीचा आवाज ऐके, काहीतरी पुटपुटे आणि पुढे जाई. मी ही चाल ओळखत होतो. अठ्ठेचाळीस लूमच्या मधून तो असाच चालायचा. फरक एवढाच, की तेव्हा शेठ त्याच्या मागे फिरत नसे.

योगेंद्र मागोमाग मोबाईलमध्ये नंबर घेत फिरत होता. "काकाले भेटायचं तं दिंडोलीत यायचं," तो सगळ्यांना सांगत होता, जणू काकाला त्यानेच घडवलं. चालायचंच; टेबल त्याचं होतं.

दुपारी घरी आल्यावर मंगलाबाईने खुंटीवरून निळी पॅन्ट काढली आणि चार बोटं दुमडून घातलेली शिवण उसवायला घेतली. एजन्सीला गणवेश होता तसा परत द्यायचा होता. तिने एकेक टाका उचकटला आणि गुणगुणत उचकटला. तीन दिवस शिवताना मी तिला गुणगुणताना ऐकलं नव्हतं. शिट्टी आणि टोपी पिशवीत आधीच गेली होती.

"हे परत कोण नेऊन देणार?" मी विचारलं.

"ज्याने आणलं तो," लोटू पुऱ्या खात म्हणाला. आज तो खुंटीकडे तोंड करून बसला होता. खुंटी रिकामी होती.

मंगलाबाईने उसवलेली पॅन्ट झटकली, उभी राहिली आणि काही न विचारता माझ्या कमरेला लावून पाहिली. पूर्ण लांबीची. घोट्यापर्यंत बरोब्बर आली.

"भाऊ," ती म्हणाली, "तुम्हले तर एकदम मापनी शे."

लोटूच्या तोंडात पुरी होती. कुठे हसावं हे त्याला अजूनही कळत नाही.